उतारवयात लेकरू पदरात येतं तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन आठवडा झाला होता. माझी भाची आणि भाचजावई पुण्याहून सोलापूरला येताना अपघातात गेले. मागच्या सीटवर झोपलेला त्यांचा ६ वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. हाताला प्लॅस्टर घालून तो आमच्या घरी आला आणि आजही इथंच आहे. माझी बहीण, म्हणजे त्याची सख्खी आजी, आधीच गेलेली. वडिलांकडचे आजी-आजोबाही नाहीत. एक काका आहे, तो आखातात नोकरीला. तेव्हा मी ६० वर्षांची होते, आमचे हे ६४चे. मुलीचं लग्न होऊन ती हैदराबादला गेलेली, आणि आम्ही दोघं निवांत होतो.

त्यानंतर सोलापुरातल्या ‘जुळे सोलापूर’ या भागातल्या आमच्या घरी बरेच जण चौकशीला येऊन गेले. कोणाची मुलगी आजारात गेलेली, कोणाचा मुलगा आणि सून एकाच वर्षात. मोहोळहून आले, अक्कलकोटहून आले, साखर पेठेतून चालत आले. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात आणि तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून लिहून काढलं. मी वकील नाही, निवृत्त शिक्षिका आहे. कायद्याचं जे लिहिलंय ते आमच्या वकीलबाईंनी समजावून सांगितलेलं आहे. त्यातलं बरंचसं आम्ही किंवा ओळखीच्या घरांनी स्वतः केलेलं आहे.

लेकरू आमच्याच घरात आहे, सगळे नातेवाईक राजी आहेत. मग कोर्टात कशाला जायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. कारण आम्हीही असाच विचार करून चार महिने घालवले.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. आजी-आजोबा, मामा, आत्या, मावशी यांचा त्यात नंबर नाही. तुम्ही त्याला घास भरवता, रात्री उठून पांघरूण घालता, पण कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या माणसाला ते दिसत नाही. त्याला कागद लागतो, आणि त्याचं तसं मागणं चुकीचंही नाही. उद्या कोणीही उठून ‘मी याचा आजोबा’ म्हणालं तर?

आमचं असं झालं की कागदाचं नाव काढायलाच जीव होईना. तेरावं होऊन चार दिवस नाही झाले आणि ही माणसं पासबुकं गोळा करायला लागली, असं लोक म्हणतील, ही भीती. मग हातातली सळी काढायची वेळ आली आणि दवाखान्यात सहीला पालक विचारला. मी म्हटलं, ‘मी आज्जी.’ समोरचे डॉक्टर चांगले होते, त्यांनी काकाला व्हिडिओ कॉल लावून त्याची संमती घेतली. पण घरी येताना रिक्षात आमचे हे पहिल्यांदा म्हणाले, ‘आपण या पोराचे कोणीच नाही गं कागदावर.’

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. रोज रात्री तो दप्तर आणि कपड्यांची एक पिशवी दाराशी ठेवून झोपायचा. एकदा विचारलं, ‘आज्जी, मी इथं किती दिवस?’ मी म्हटलं, ‘तुला पाहिजे तेवढे दिवस.’ मला वाटलं, याहून मायेचं उत्तर असूच शकत नाही. पुढं एका समुपदेशक बाईंनी समजावलं की अशानं राहायचं की जायचं हे ठरवायचं ओझं तुम्ही त्याच्या डोक्यावर टाकलं. त्याला आकडा हवा होता. कोर्टाचा हुकूम आला त्या संध्याकाळी आम्ही तो त्याला वाचून दाखवला आणि सांगितलं, ‘तू १८ वर्षांचा होईपर्यंत आमचा, हे जज्जांनी लिहून दिलंय, आणि त्यानंतर आमच्या मनानं आमचाच.’ पिशवी लगेच हलली नाही. महिनाभर दाराशीच होती. मग एक दिवस ती कपाटात दिसली. आम्ही काही बोललो नाही.

कागद केला की लेकरू परकं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे आवर्जून सांगते.

अर्ज कुठं करायचा? वकिलाला किती पैसे लागतील?

पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज होतो. हा कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या न्यायालयात जायचं. मूल सोलापुरात राहत असेल तर अर्ज सोलापुरात. आई-वडील पुण्यात राहायचे की मुंबईत, याला महत्त्व नाही. सोलापूर शहरात कौटुंबिक न्यायालय आहे, मुलाच्या ताब्याचा आणि सांभाळाचा विषय तिथं जातो. मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायचा असेल तर जिल्हा न्यायालय. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी आपलं न्यायालय कोणतं ते वकिलाला विचारूनच पुढं जावं.

पैशाअभावी थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्यानं महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणून अर्ज आजीच्या नावानं असला तर बरं पडतं. फोन नंबर १५१००.

कोर्टात काय काय लागतं? किती दिवस चालतं?

आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, तुमचं नातं दाखवणारे कागद, तुमचं ओळखपत्र, पेन्शनचा किंवा उत्पन्नाचा पुरावा, आणि मुलाच्या नावे काय आहे त्याची यादी. जवळच्या नातेवाइकांना नोटीस जाते. दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांनी ‘आमची हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र दिलं तर काम सोपं होतं. आमच्या पोराच्या काकानं ते तिथल्या भारतीय दूतावासात करून पाठवलं. आम्हाला ९ महिने लागले. मध्येच काही निकड आली, तर १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम १२ खाली तात्पुरता आदेश मागता येतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मूल समजण्याइतकं मोठं असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणं ऐकतात. आमच्या लेकराला आत बोलावलं तेव्हा मी बाहेर बाकावर नुसती रामरक्षा म्हणत होते. आत काय विचारलं ते त्यानं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलाला घरून उत्तरं पाठ करून पाठवू नका. त्यातून फक्त त्याची भीती वाढते.

आमचं वय बघून कोर्ट नाही म्हणेल का?

कायद्यात पालकाला वयाची वरची मर्यादा नाही. त्याच १८९०च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की मुलाचं हित बघायचं, आणि ते बघताना मुलाचं वय, पालकाची वागणूक आणि कुवत, नात्याची जवळीक, गेलेल्या आई-वडिलांची इच्छा आणि मुलाची पसंती हे सगळं विचारात घ्यायचं. आम्हाला विचारलं गेलं ते एकच : तुमच्यानंतर कोण?

याचं उत्तर अर्ज करण्याआधीच ठरवा. आम्ही तिघांची नावं संयुक्त पालक म्हणून दिली. मी, हे, आणि आमची हैदराबादची मुलगी. संयुक्त पालकांपैकी एक गेला तर उरलेल्यांचं पालकत्व तसंच चालू राहतं, पुन्हा कोर्टाची पायरी चढायला लागत नाही. एकट्या आजोबांच्या नावानं हुकूम घेतला आणि दोन वर्षांत ते गेले, तर आज्जीला सगळं पहिल्यापासून करायला लागतं. अशी दोन घरं माझ्या बघण्यात आहेत.

बरेच जण म्हणतात, आम्ही मृत्युपत्रात लिहून ठेवू की आमच्यानंतर अमक्यानं सांभाळावं. मृत्युपत्रानं पालक नेमायचा अधिकार हिंदू कायद्यात आई-वडिलांना आहे. आपण आजी-आजोबांनी लिहिलं तर ती आपली इच्छा एवढंच त्याचं वजन. मात्र स्वतःच्या घरादाराचं, पैशाचं मृत्युपत्र जरूर करा. आम्ही केलं, आणि मुलीला समोर बसवून वाचून दाखवलं.

त्यापेक्षा सरळ दत्तकच घेतलं तर?

दत्तक घेतलं की मूल कायद्यानं तुमचं होतं आणि जन्मघराशी त्याचं कायद्याचं नातं तुटतं. पालकत्वात तो त्याच्या आई-वडिलांचाच मुलगा राहतो, नाव तेच, वारसा तोच. आपण त्याचा सांभाळ करायचा. आम्हाला हेच बरं वाटलं. त्याच्या नावामागचं बापाचं नाव पुसायचा आम्हाला काय अधिकार?

पहिल्या महिन्यात कोणते कागद हातात घ्यायचे?

मृत्यूच्या दाखल्याच्या निदान दहा प्रती घ्या. दवाखान्याचे कागद, अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. लग्नाचा दाखला. दोघांची आधार आणि पॅन कार्डं. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, हा फार जपून ठेवा, का ते पुढं सांगते.

त्यांचे मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. विम्याचे, कर्जाच्या हप्त्याचे, गुंतवणुकीचे संदेश त्याच नंबरवर येतात. भाचीची एक पॉलिसी आम्हाला अशीच कळली, हप्त्याची आठवण आली म्हणून. पण त्या फोनवरून किंवा एटीएम कार्डानं पैसे काढू नका, पाचशे रुपये असले तरी. नंतर ते अंगाशी येतं.

मग पासबुकं घेऊन बसा आणि वर्षातून एकदाच कापलेले दोन आकडे शोधा : ४३६ आणि २०. ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, मृत्यूनंतर २ लाख. २० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. खाते उघडताना कोणीतरी सही घेतलेली असते आणि घरात कोणाला पत्ताही नसतो. आमच्या ह्यांनी टॉवेल कारखान्यात ३१ वर्षं हिशेब लिहिले, त्यांच्या नजरेतून ते २० रुपये सुटले नाहीत.

अपघात असेल तर भरपाई कधी मागायची?

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अपघात कुठंही झालेला असो, दावा करणारा जिथं राहतो तिथं अर्ज करता येतो, म्हणजे सोलापुरात चालतं. आम्ही पाचवा महिना संपता संपता पोचलो. चार महिने घालवले म्हणाले ना, त्याची धडकी इथं भरली. गाडी ठोकून पळून गेलेली असेल, सापडतच नसेल, तरी मृत्यूसाठी सरकारची २ लाखांची वेगळी योजना आहे.

मुलाच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण शक्यतो तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. शिक्षणासाठी व्याज किंवा काही भाग मागता येतो. नातेवाइकांना हे सांगून टाका. ‘आजी-आजोबांना पैसे मिळाले’ ही कुजबुज तिथंच थांबते.

आई-वडील खाजगी नोकरीत होते. पीएफचं काय?

पीएफ म्हणजे नुसती साठलेली रक्कम नव्हे, तीन गोष्टी असतात. एक, साठलेला निधी. दोन, ईडीएलआय हा विमा, त्याची कमाल रक्कम ७ लाख. तीन, अनाथ पेन्शन. दोन्ही पालक नसतील तर मुलाला विधवा पेन्शनच्या ७५ टक्के पेन्शन मिळते, किमान ७५० रुपये महिना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. हे पेन्शन मागायचं असतं हेच कित्येकांना माहीत नसतं. निधी काढला आणि फाइल बंद.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांसाठी मुद्दाम लिहिते. विडी कामगार बायकांनाही पीएफ आहे. अशोक चौकाकडची एक आज्जी माझ्याकडं आली होती, तेलुगू मिसळून मराठी बोलणारी. मुलगी विड्या वळायची, जावई यंत्रमागावर. दोघंही आजारानं गेले, दोन नाती पदरात. ‘आमच्यात कसलं पेन्शन बाई,’ म्हणाली. मुलीचं विडी कामगाराचं ओळखपत्र आणि पीएफचा नंबर डब्यात, नोटांच्या खाली, जपून ठेवलेला होता. दोघी नातींना पेन्शन सुरू झालं. रक्कम थोडी आहे, पण दर महिन्याला येते. कारखान्याचं कार्ड, सेवा पुस्तिका, काही म्हणता काही फेकू नका.

त्यांच्या डोक्यावर कर्ज होतं. वसुलीवाले फोन करतात.

वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. लेकराच्या किंवा तुमच्या खिशातून भरायची नाही. घाबरून कशावरही सही करू नका. घरकर्जाला विमा जोडलेला होता का ते लेखी विचारा.

नातीचं सुकन्या खातं आम्हीच उघडलं होतं. चालेल ना?

२०२४ च्या ऑक्टोबरपासूनच्या सूचनांप्रमाणे आजी-आजोबांनी उघडलेलं सुकन्या समृद्धी खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकाच्या नावे करून घ्यावं लागतं. म्हणजे परत तोच कोर्टाचा हुकूम.

सरकारकडून महिन्याला काही मिळतं का?

मिळतं, आणि ते मागण्यात कमीपणा नाही. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत; त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची वार्षिक मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. दोन्हींची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायची, मंजुरी बाल कल्याण समितीच्या मार्फत. कार्यकर्ते घरी येऊन बघून जातात. घर आवरून ठेवायची गरज नाही, लेकरू कसं आहे ते बघायला ते येतात.

एक घोळ होतो तो सांगते. समितीचा आदेश मिळाला की लोकांना वाटतं पालकत्व मिळालं. तसं नाही. तो मदतीसाठीचा आदेश असतो, १८९०च्या कायद्याचं काम त्यानं होत नाही.

दोन्ही पालक नसलेल्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र मिळतं. पुढं शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण त्यावर मिळतं. ‘अनाथ’ हा शब्द कागदावर बघून माझ्या पोटात कालवलं होतं. तरीही काढून ठेवलं. ते त्याचं आहे, वापरायचं की नाही हे तो मोठा झाल्यावर ठरवेल.

गावाकडं मुलाच्या वडिलांची जमीन आहे.

तलाठ्याकडं वारस नोंद लगेच करून घ्या. सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागतं आणि पुढं ‘अ.पा.क.’ म्हणून सांभाळणाऱ्याचं नाव येतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ते नाव लागलं म्हणून जमीन विकता येत नाही. कोर्टानं नेमलेल्या पालकालाही स्थावर मालमत्ता विकायला, गहाण टाकायला, पाच वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं द्यायला कोर्टाची आधी परवानगी लागते. कोणी चुलता ‘तुम्ही नुसती सही करा’ म्हणत असेल तर त्याला हाच परिच्छेद वाचून दाखवा.

आणि हिशेबाची वही वेगळी ठेवा. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. त्याच्या पैशातून काय आलं, काय गेलं, पावती डकवलेली. त्याचे बूट, दप्तर आम्ही आमच्या पेन्शनमधून घेतो, ते त्या वहीत येत नाही.

शाळा वर्षाच्या मध्ये प्रवेश देत नाही, दाखला मागते.

पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ स्पष्ट आहे. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. नम्रपणे, पण लेखी मागा. वर्गशिक्षिकेला मात्र खरं सांगून ठेवा. मी स्वतः वर्गात उभी राहिलेली आहे. मातृदिनाची शुभेच्छापत्रं करायला लावताना समोर कोण बसलंय हे बाईंना माहीत असावं.

आमचं आडनाव लावलं तर सोपं जाईल का?

नाही, अवघड जाईल. जातीचा दाखला आणि पुढं पडताळणी वडिलांच्या बाजूच्या कागदांवर होते. म्हणूनच वडिलांचा शाळेचा दाखला जपा म्हटलं. आणि म्हणूनच त्या घराशी बोलणं तोडू नका, मनात कितीही राग असला तरी.

रेशन कार्डावर मात्र त्याचं नाव जुन्या कार्डातून कमी करून तुमच्या कार्डात घाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घ्यायची वेळ आली की रेशन कार्डच बघतात. आधारचे बोटांचे ठसे ५ आणि १५ या वयाला नव्यानं द्यावे लागतात, तेव्हाच पत्ताही बदलून घ्या.

‘आई-बाबा कुठं गेले?’ विचारतं. काय सांगायचं?

आम्ही सांगितलं, ‘देवाघरी गेले.’ सगळेच सांगतात. आठ-दहा दिवसांनी मी त्याला सिद्धेश्वर मंदिरात घेऊन गेले. तलावातल्या त्या वाटेवर तो माझा हात ओढत पुढं पळत होता. दर्शन झालं तरी बाहेर यायला तयार नाही. गाभाऱ्याच्या मागं काय आहे, तिकडं दार आहे का, विचारत राहिला. मला कळायला वेळ लागला. आम्हीच सांगितलं होतं ना, देवाच्या घरी आहेत. तो त्यांना शोधत होता.

तलावाच्या पायरीवर बसून मी त्याला खरं सांगितलं. गाडीचा अपघात झाला, आई-बाबांना खूप लागलं, डॉक्टरांना त्यांना बरं करता आलं नाही, ते मेले. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याला दुखत नाही, भूक लागत नाही. ‘मेले’ हा शब्द मुलासमोर उच्चारताना जीभ जड होते. पण ‘लांब गेले’ म्हटलं की ते वाट बघतं, ‘झोपले’ म्हटलं की झोपायला घाबरतं.

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मरण हे कायमचं असतं हे नीट समजत नाही. त्यामुळं तोच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारतात. तुम्ही सांगितलेलं ती विसरलेली नसतात, उत्तर बदललं का ते बघत असतात. दर वेळी तेच, तेवढंच उत्तर द्या. आणि न विचारता एक गोष्ट सांगा : ‘यात तुझी चूक नव्हती.’ आमच्या लेकराला वर्षभर वाटत होतं की त्यानं वाटेत खाऊ मागितला, गाडी थांबवायला लावली, म्हणून झालं. हे त्यानं दुसऱ्या दिवाळीत, कंदिलाला कागद चिकटवताना सांगितलं. हात चालू असले की मुलं बोलतात.

अंथरूण ओलं करतं, लहान बाळासारखं बोबडं बोलतं.

दुःखात मुलं काही काळ मागं जातात. रागावू नका, चादर बदला. महिनोन्‌महिने राहिलं, खाणं सुटलं, किंवा ‘मलाही जायचंय’ असं काही बोललं, तर थांबू नका. सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा समुपदेशक गाठा.

सण कसे करायचे?

करायचे. पहिल्या वर्षी आम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जायचं नाही ठरवलं होतं. दर संक्रांतीला तो आई-बाबांबरोबर त्यासाठी सोलापूरला यायचा. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली, हलग्यांचा आवाज यायला लागला आणि तो म्हणाला, ‘बाबा मला खांद्यावर घ्यायचे.’ ह्यांची पाठ दुखरी, खांद्यावर घेणं शक्य नाही. शेजारच्या पोरानं घेतलं. होम मैदानावर पाळण्यात बसला, भरपूर हसला आणि घरी येऊन भरपूर रडला. दोन्ही व्हायला पाहिजे होतं. आता गड्ड्याहून येताना आम्ही फोटो काढतो आणि जुन्या फोटोंशेजारी लावतो.

आमच्याच्यानं होईल का हे? आम्ही थकलोय.

थकवा खरा आहे. साठीनंतर सकाळी सहाला डबा करायचा, एप्रिलच्या उन्हात शाळेच्या दारात उभं राहायचं, तिसरी-चौथीचं गणित नव्यानं शिकायचं. आमच्या दोघांची पहिल्या वर्षात जेवढी भांडणं झाली तेवढी आधीच्या ३५ वर्षांत नव्हती झाली. हे त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला लावायचे, मी गुपचूप ब्रेड-जॅम द्यायची. शेवटी मंगळवारी आणि शनिवारी त्याच्या पुण्याच्या घरी व्हायचं ते जेवण करायचं असं ठरलं. भाचीच्या मैत्रिणीकडून तिच्या पास्त्याची कृती मागवून घेतली.

तुमची स्वतःची औषधं, तपासण्या चुकवू नका. त्याला आता घरातलं कोणी नुसतं खोकलं तरी भीती वाटते. माझ्या रक्तदाबाची गोळी रोज तोच आणून देतो आणि मी ती त्याच्यासमोर घेते. दवाखान्यात जायचं असेल तर आधी सांगून जाते, किती वाजता परत येईन ते घड्याळात दाखवून.

तुमच्या मुला-मुलींशीही बोला. आमच्या मुलीला सुरुवातीला वाईट वाटलं होतं, तिच्या बाळंतपणाला मी पंधराच दिवस गेले म्हणून. ती बोलली, बरं झालं. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत तो महिनाभर हैदराबादला असतो. त्याला तिथं घर आहे हे अंगवळणी पडावं म्हणून, आणि आम्हाला विसावा मिळावा म्हणूनही.

नातेवाईक म्हणतात, वसतिगृहात घाला.

म्हणोत. तुमच्या तब्येतीनं खरंच शक्य नसेल तर तो विचार करण्यात पाप नाही, पण तो तुम्ही ठरवायचा.

अडीनडीला कोणाला फोन करायचा?

मुलांसाठी १०९८. मोफत वकिलासाठी १५१००. आपल्यासारख्या ज्येष्ठांसाठी १४५६७. तिन्ही नंबर आमच्या फ्रिजवर, त्याच्या हाताला पोचतील एवढ्या उंचीवर लावले आहेत. त्याखाली शेजाऱ्यांचा आणि मावशीचा, म्हणजे आमच्या मुलीचा.

१८ वर्षं पूर्ण झाली की काय होतं?

पालकत्व संपतं. ठेवी त्याच्या एकट्याच्या सहीनं मोडता येतात, सातबाऱ्यावरचं ‘अ.पा.क.’ काढायला अर्ज करायचा. आमचं लेकरू आता ९ वर्षांचं आहे. ते १८चं होईल तेव्हा मी ७२ची असेन आणि हे ७६चे. वही तोवर भरेल असा ह्यांचा अंदाज आहे, म्हणून त्याच मापाची दुसरी आणून कपाटात ठेवली आहे. वरच्या कप्प्यात पुढं वही, मागं त्याची ती पिशवी.